विहिरीचं पाणी आलंय, अगार कुठला घेऊ?

जूनचा पाऊस स्थिरावला की गोव्यात बार्देशपासून काणकोणपर्यंत विहिरी गढूळ होतात आणि पाण्याच्या बाटल्या तपासणीला यायला लागतात. प्रयोगशाळेतली नवी मुलं तेव्हा हमखास विचारतात, "मॅडम, कुठला अगार ओतू?" अगार म्हणजे जिवाणू वाढवायचं जेलीसारखं माध्यम. उत्तर पावडरीच्या बाटल्यांवर शोधू नका. नमुना कशाचा आहे आणि त्यात कोणाला शोधायचंय, हे आधी वहीत लिहा. निम्मी निवड तिथंच होते.

आतड्यातल्या ग्रॅम-निगेटिव्ह (ग्रॅम रंगचाचणीत जांभळा रंग न धरणाऱ्या) जिवाणूंसाठी सुरुवात मॅकॉन्की अगारनं करावी. त्यातले पित्तक्षार आणि क्रिस्टल व्हायोलेट बहुतेक ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंना वाढू देत नाहीत. शिवाय त्यात लॅक्टोज असतं. ही साखर जो आंबवतो तो आम्ल सोडतो, त्या आम्लात न्यूट्रल रेड हा रंगद्रव लाल होतो आणि वसाहत (एका जागी वाढलेला जिवाणूंचा ठिपका) गुलाबी दिसते. ई. कोलाय आणि क्लेबसिएला गुलाबी. त्यातही क्लेबसिएला बहुधा बुळबुळीत, एकमेकांत मिसळलेला. साल्मोनेला, शिगेला, प्रोटियस आणि स्यूडोमोनास रंगहीन राहतात.

गुलाबी वसाहत ई. कोलायची आहे का, अशी शंका असेल तर ती ईएमबी (इओसिन मिथिलीन ब्लू) अगारवर रेघाटा, म्हणजे लूपनं (तारेच्या कडीनं) रेघा ओढून पसरवा. ताज्या बांगड्याच्या पाठीवर असते तशी हिरवट धातूची झळाळी आली, तर अंदाज पक्का होत जातो. पण झळाळी नाही म्हणून ई. कोलाय नाही, असं मात्र म्हणता येत नाही.

इथं नेहमीची चूक सांगते. लूपभर पाणी प्लेटवर ओढायचं, काही उगवलं नाही की 'पाणी शुद्ध' लिहून मोकळं व्हायचं! नेहमीच्या लूपमध्ये जेमतेम ०.०१ मिली पाणी मावतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) १०० मिलीत ई. कोलाय आढळता कामा नये. म्हणून १०० मिली पाणी मेम्ब्रेन फिल्टरमधून गाळून तो फिल्टर माध्यमावर ठेवावा, नाहीतर नळ्यांची एमपीएन पद्धत (किती नळ्यांत वाढ झाली यावरून जिवाणूंच्या संख्येचा अंदाज) वापरावी. क्लोरीन घातलेल्या विहिरीत अर्धमेले जिवाणू असतात, त्यांना पित्तक्षार सोसत नाहीत. अशा वेळी शेजारी साध्या न्यूट्रियंट अगारची प्लेट असू द्या.

नमुना जुलाबाच्या रुग्णाचा असेल तर मॅकॉन्कीच्या जोडीला एक्सएलडी हा अगार घ्या. त्यावर साल्मोनेला सहसा लाल, मधोमध काळा, शिगेला नुसता लाल, ई. कोलाय पिवळा. लघवीसाठी सीएलईडी अगार बरा, कारण त्यावर प्रोटियस प्लेटभर पसरत नाही.

तिसऱ्या किंवा शिनाण्या या शिंपल्यांमध्ये व्हिब्रिओ (कॉलऱ्याच्या जिवाणूचं कूळ) शोधायचा असेल तर मात्र टीसीबीएस अगार हवाच. त्याचा पीएच ८.६ असतो; व्हिब्रिओला तो चालतो, आतड्यातल्या इतर बहुतेकांना नाही. नमुना आधी अल्कलाइन पेप्टोन पाण्यात (पेप्टोन म्हणजे प्रथिनांचे तुकडे) काही तास वाढवून घ्या. सुक्रोज आंबवणारा कॉलऱ्याचा जिवाणू पिवळा उमटतो, व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हिरवा.

मॅकॉन्की आणि ईएमबी १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक) करावेत. एक्सएलडी आणि टीसीबीएस फक्त उकळून विरघळवायचे. आमच्याकडे एकानं सवयीनं टीसीबीएस ऑटोक्लेव्हमध्ये घातला आणि अख्खा फ्लास्क फेकावा लागला. माध्यम ४५ ते ५० अंशांवर आलं की ओता. आपल्याकडच्या दमट हवेत पावडरीचे गठ्ठे होतात, तेव्हा झाकण लगेच घट्ट लावा. प्लेटांना घाम सुटतो आणि त्या पाण्यावरून वसाहती एकमेकींत मिसळतात. म्हणून रेघाटण्याआधी प्लेटा उपड्या, झाकण किंचित उघडं ठेवून, इनक्युबेटरमध्ये अर्धा तास सुकवा.

३५ ते ३७ अंशांवर ठेवलेली प्लेट १८ ते २४ तासांत वाचा. शनिवारी लावून सोमवारी वाचली तर रंग फसवतात: साखर संपली की जिवाणू पेप्टोनकडे वळतात, तर काही लॅक्टोज उशिराच आंबवतात. ऑक्सिडेज चाचणी (जिवाणू ओळखायची एक रंगचाचणी) मॅकॉन्कीवरच्या वसाहतीवर करू नका, तिथलं आम्ल निकाल बिघडवतं. वसाहत आधी न्यूट्रियंट अगारवर घ्या, ताजी वाढू द्या आणि मग चाचणी करा.

हे सगळं प्रयोगशाळेतच, घरच्या स्वयंपाकघरात नव्हे. वापरलेल्या प्लेटा ऑटोक्लेव्ह झाल्याशिवाय कचऱ्यात जाऊ देऊ नका.