पगाराचं काम बाहेर द्यायचंय? आधी हजेरी आणि उचल मार्गी लावा

"पेरोल आउटसोर्स करून टाका, डोक्याचा ताप जाईल" असं सांगणारे पुष्कळ भेटतात, पण त्यातल्या बहुतेकांनी गणपतीच्या महिन्यात पंचवीस माणसांचा पगार कधी केलेला नसतो. मी काजू कारखाना, रिसॉर्ट, बर्फाची फॅक्टरी, आंबा कॅनिंग अशा बऱ्याच ठिकाणी हे काम बाहेर लावून दिलंय, रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत. बाहेर जातो तो फक्त हिशेब. कोण कामावर आलं, कोण रजेवर होतं, कोणाला किती उचल दिली हे दर महिन्याला तुम्हालाच सांगावं लागतं आणि सगळे घोळ तिथेच होतात.

आधी माणसं मोजा. ईएसआयसी (सरकारी कामगार विमा) १० जणांपासून, पीएफ २० जणांपासून, आणि मोजताना मुकादमाने आणलेली माणसंही धरायची. एकदा लागू झालं की सीझन संपून माणसं कमी झाली म्हणून सुटका होत नाही.

एजन्सी निवडताना दर माणशी किती हे सगळेच विचारतात. त्यापेक्षा हे विचारा, की पीएफ-ईएसआयसीचं चलन, प्रोफेशनल टॅक्स, जून-डिसेंबरचा कामगार कल्याण निधी, फॉर्म १६ हे सगळं त्याच पैशात आहे का. महाराष्ट्राचे नियम माहीत आहेत का तेही तपासा. महिलांना २५,००० पगारापर्यंत प्रोफेशनल टॅक्स नाही, एप्रिल २०२३ पासून, आणि तरी एका बाहेरच्या राज्यातल्या एजन्सीने रिसेप्शनवरच्या मुलींचे दर महिन्याला २०० रुपये कापलेले मी स्वतः पकडलेत. १४ हजार पगारात २०० म्हणजे थोडे नाहीत.

पीएफ-ईएसआयसी पोर्टलचे लॉगिन त्यांच्याकडे वापरायला देऊ शकता, पण डिजिटल सिग्नेचर स्वतःकडे आणि रजिस्टर मोबाईल नंबर तुमचाच ठेवा. चलन भरलं नाही तर नोटीस मालकाच्या नावाने येते, एजन्सीच्या नाही, आणि पीएफ उशिरा भरला की वर्षाला १२ टक्के व्याज, वर दंड वेगळा. बँकेतून पैसे सोडायचा अधिकार तर कोणालाच देऊ नका, त्यांनी फाइल बनवायची आणि तुम्ही सोडायची.

आता खरं काम. दर महिन्याला एजन्सीला जी शीट पाठवायची ती बसवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि यावर कोणी धड सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितो. एजन्सी तुम्हाला एक कोरा एक्सेल देते, त्यात "हजर दिवस" आणि "कपात" असे दोन कॉलम असतात. तो वापरू नका. गौरी-गणपतीला आपल्याकडे कोणी पाच दिवस जातो, कोणी सात, कोणाच्या घरी अनंत चतुर्दशीपर्यंत गणपती असतो, आणि पुण्यात एजन्सीत बसलेल्या पोराला शीटमध्ये फक्त गैरहजेरी दिसते, तो सरळ पगार कापतो. म्हणून हजर दिवस, पगारी रजा, बिनपगारी रजा, सणाची सुट्टी असे चार वेगळे कॉलम करा आणि चारींची आणि साप्ताहिक सुट्ट्यांची मिळून बेरीज महिन्याच्या दिवसांइतकी आली पाहिजे. बेरीज जुळत नसेल तर शीट पाठवायचीच नाही.

उचलीला तीन कॉलम हवेत: या महिन्यात दिलेली, या महिन्यात कापायचा हप्ता, आणि शिल्लक. समजा १४,००० पगाराच्या बाईने गणपतीला १०,००० उचल घेतली आणि चार महिन्यांत फेडायचं ठरलं, म्हणजे हप्ता २,५००. तुम्ही नुसतं "उचल १०,०००" लिहिलंत की सॉफ्टवेअर पुढच्याच पगारातून सगळे कापणार, आणि ऐन सणानंतर तिच्या हातात चार हजारही पडणार नाहीत. कायद्यानेही सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता येत नाही. मुकादमाने परस्पर रोख दिलेली उचल त्याच दिवशी लिहून घ्या, सही किंवा अंगठ्यासकट, महिनाअखेरीला आठवून लिहिलेल्या उचलीवरून भांडणं होतात आणि त्यात गरीबच मरतो. या बाबतीत मी अजिबात ऐकून घेत नाही.

हजेरी २६ ते २५ अशी धरा, २५ ला शीट, २८ पर्यंत त्यांच्याकडून कच्चं पगारपत्रक. गणपती महिन्याच्या शेवटी येत असतील तर एजन्सीला महिनाभर आधी सांगून या तारखा अलीकडे आणा, कारण लोकांना पगार सणाआधी हवा असतो. पत्रक तपासताना सगळी नावं वाचत बसू नका. मागच्या महिन्याचा एकूण हातात पडलेला पगार आणि या महिन्याचा, यातला फरक काढा आणि नवी माणसं, सोडून गेलेली, बिनपगारी रजा, ओव्हरटाइम, उचल यांनी तो रुपया न रुपया जुळवा. जुळला तरच मंजुरी द्या. पगार ७ तारखेच्या आत, पीएफ-ईएसआयसीची चलनं १५ च्या आत, आणि चलनाची पावती मागून घ्या, "भरलंय" असा मेसेज चालणार नाही.

सुरुवात एप्रिलमध्ये करा असा सल्ला सगळीकडे मिळेल. टॅक्सच्या वर्षासाठी ते बरोबर आहे पण हापूसच्या सीझनमध्ये कॅनिंगवाल्याला मान वर करायला वेळ नसतो. आंबावाल्यांनी आणि रिसॉर्टवाल्यांनी जुलै धरावा, एप्रिलपासूनचे आकडे एजन्सीला द्यावेत आणि पहिले दोन महिने आपला जुना हिशेब बाजूला चालू ठेवून ताडून बघावं. बोटीवरच्या खलाशांचा वाटणीचा हिशेब मात्र या एजन्सीला देऊ नका, त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये तो बसत नाही.

काजू कारखान्यात एक अडचण हमखास येते, बायकांच्या आधारवर माहेरचं नाव आणि पीएफला सासरचं, मग चलनाच्या फाइलमध्ये ते नाव अडकतं. पहिल्या महिन्याच्या आधीच सगळ्यांचे आधार आणि यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) जुळवून घ्या.

गणपतीनंतर चाकरमान्यांबरोबर मुंबईला गेलेला पोरगा परत येत नाही हे दरवर्षीचं आहे. नोकरी सोडल्याचं कळलं की त्याच दिवशी एजन्सीला कळवा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या वेतन संहितेत शेवटचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे.

पगाराची स्लिप मराठीत मागा, व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊ दे. आणि करारात एवढं लिहून घ्या की एजन्सी बदलली तर सगळा जुना डेटा एक्सेलमध्ये सात दिवसांत परत मिळेल, उचलीच्या शिल्लकीसकट.