मूलभूत वैद्यकीय विषयांच्या नोट्स काढताना या चुका टाळा

वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या पहिल्या टप्प्यात शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र आणि पुढे औषधशास्त्र या विषयांच्या नोट्स काढण्यात विद्यार्थ्यांचा फार मोठा वेळ जातो, आणि तरीही प्रश्न थोडा फिरवून विचारला की वह्या भरलेल्या असूनही उत्तर सुचत नाही. यात मेहनतीची कमतरता क्वचितच असते. बहुतेक वेळा निष्कर्ष वहीत उतरलेला असतो आणि त्यामागचे कारण पुस्तकातच राहिलेले असते. अशा नोट्स पाठ करता येतात, पण त्यांच्या आधाराने विचार करता येत नाही.

निष्कर्ष लिहिला, कारण वगळले

औषधशास्त्राच्या वहीत रक्तदाबावरील एका औषधगटाविषयी ‘एसीई इन्हिबिटर : कोरडा खोकला, पोटॅशियम वाढते, दोन्ही मूत्रपिंडांच्या धमन्या अरुंद असल्यास टाळावे’ अशी ओळ हमखास सापडते. या ओळीत चूक काहीच नाही. पण तिन्ही गोष्टी सुट्या असल्यामुळे काही आठवड्यांत त्यांतली एखादी विसरली जाते, आणि ती विसरली आहे हेही लक्षात येत नाही.

त्याऐवजी पूर्ण साखळी लिहावी. ही औषधे ज्याला अडवतात ते एसीई हे एंझाइम अँजिओटेन्सिन १ चे अँजिओटेन्सिन २ मध्ये रूपांतर करते आणि तेच ब्रॅडिकायनिनचे विघटनही करते. एंझाइम अडवले की ब्रॅडिकायनिन साचते, आणि खोकल्याचे ते प्रमुख कारण मानले जाते. अँजिओटेन्सिन २ घटल्यामुळे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक घटते, मूत्रावाटे पोटॅशियम कमी बाहेर पडते आणि रक्तातील पोटॅशियम वाढते. शिवाय ग्लोमेरुलसमधून (मूत्रपिंडातील रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुच्छातून) रक्त बाहेर नेणारी धमनिका आकुंचित ठेवून गाळण्यासाठी लागणारा दाब टिकवण्याचे कामही अँजिओटेन्सिन २ करते; तो आधार गेला की ज्या मूत्रपिंडांना आधीच रक्त अपुरे मिळते त्यांतील गाळण्याची गती घसरते आणि रक्तातील क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ वाढतो.

एवढे लिहिले असेल तर पुढचा प्रश्न सोपा होतो. लोसार्टानसारखी औषधे एंझाइमला न अडवता अँजिओटेन्सिन २ चा रिसेप्टर अडवतात. त्यामुळे त्यांच्याने खोकला फारसा होत नाही, पोटॅशियमवर लक्ष मात्र तितकेच ठेवावे लागते, आणि हे सांगायला नवे पाठांतर लागत नाही. माझ्या मते नोट्सची सर्वांत महत्त्वाची तपासणी हीच आहे : जिथे जिथे ‘वाढते’, ‘घटते’ किंवा ‘टाळावे’ असे लिहिले आहे, तिथे पुढे ‘कारण’ असे लिहून वाक्य पुरे करून पाहावे, आणि ते पुरे होत नसेल तर पुस्तक पुन्हा उघडावे.

एकमेकांजवळच्या संकल्पनांची सरमिसळ

ऑक्सिजन आणि हिमोग्लोबिन यांच्या वक्ररेषेवर ही चूक ठळक दिसते. कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन आयन, तापमान आणि २,३-बीपीजी (तांबड्या रक्तपेशींतील एक संयुग) वाढले की वक्र उजवीकडे सरकतो, हे सर्वांच्या वहीत असते. उजवीकडे सरकणे म्हणजे काय, हे मात्र अनेकांच्या वहीत नसते. आडव्या अक्षावर ऑक्सिजनचा आंशिक दाब आणि उभ्या अक्षावर संपृक्तता (हिमोग्लोबिनच्या किती टक्के जागा ऑक्सिजनने भरल्या आहेत) मांडून आलेख स्वतः काढला, तर त्याच दाबाला संपृक्तता कमी झालेली डोळ्यांना दिसते. म्हणजेच हिमोग्लोबिनने ऑक्सिजन अधिक सहज सोडला आहे. ५० टक्के संपृक्तता साधारण २७ मिमी पाऱ्याच्या दाबाला येते, हा बिंदू आलेखावर टिंब देऊन दाखवावा, म्हणजे सरकण्याची दिशा पाठ करण्याची गरज उरत नाही.

याहून मोठी गफलत म्हणजे आंशिक दाब, संपृक्तता आणि रक्तातील एकूण ऑक्सिजन या तीन राशी एकच समजणे. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिली ऑक्सिजन वाहून नेते. त्यामुळे दर डेसिलिटरला १५ ग्रॅम हिमोग्लोबिन असेल तर धमनीतील तेवढ्या रक्तात सुमारे २० मिली ऑक्सिजन असतो, आणि रक्तक्षयात हिमोग्लोबिन ७.५ ग्रॅमवर आले की तो सुमारे १० मिली उरतो. आंशिक दाब आणि संपृक्तता मात्र सामान्यच राहतात, कारण फुप्फुसांत काही बिघडलेले नसते. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेतही आंशिक दाब सामान्य असतो, परंतु हिमोग्लोबिनवरील जागा अडलेल्या असतात आणि उरलेला ऑक्सिजनही सहज सुटत नाही, कारण वक्र डावीकडे सरकलेला असतो. साधा पल्स ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनपासून वेगळे ओळखू शकत नाही, म्हणून त्यावरील आकडा फसवा ठरतो. या तीन राशींचे तीन स्तंभ आणि प्रत्येक विकाराची एक ओळ असा लहानसा तक्ता केला, तर पानभर मजकुरापेक्षा तो अधिक उपयोगी पडतो.

हृदयाच्या क्रियाविभवाबाबतही, म्हणजे पेशीतील विद्युत् बदलाच्या लहरीबाबतही, असेच होते. पहिली झपाट्याची चढण सोडियममुळे येते, असे सरसकट लिहिले जाते. ते व्हेंट्रिकलच्या (हृदयाच्या खालच्या कप्प्यांच्या) स्नायुपेशींना लागू आहे; हृदयाचे ठोके सुरू करणाऱ्या एसए नोडमध्ये आणि ते खाली पोचवणाऱ्या एव्ही नोडमध्ये ती चढण कॅल्शियममुळे येते, आणि म्हणूनच कॅल्शियमचा मार्ग अडवणारे व्हेरापामिल हे औषध एव्ही नोडमधील वहन मंदावते. नियम लिहिताना तो कोणत्या पेशीला लागू आहे, हेही त्याच ओळीत लिहावे.

शरीररचनेत मार्ग न लिहिता याद्या लिहिणे

रेडियल नर्व्ह (हातातील एक मज्जातंतू) कोणकोणत्या स्नायूंना जाते, याची यादी जवळजवळ निरुपयोगी आहे, जर ती कोणत्या क्रमाने आणि कुठून जाते हे शेजारी नसेल. ह्यूमरस हे दंडाचे हाड मध्यभागी मोडले आणि त्यामागील खाचेत या नर्व्हला इजा झाली, तर मनगट लुळे पडते, पण कोपर सरळ करण्याची शक्ती सहसा टिकते, कारण ट्रायसेप्सकडे जाणाऱ्या बहुतेक शाखा त्याआधीच फुटलेल्या असतात. इजा काखेत झाली तर ट्रायसेप्सही दुबळा होतो. एक साधी रेघ, तिच्यावर शाखा फुटण्याची ठिकाणे आणि इजेची संभाव्य स्थाने, एवढी स्वतःच्या हाताने काढलेली आकृती पुस्तकातून चिकटवलेल्या रंगीत चित्रापेक्षा अधिक शिकवते.

आडव्या छेदाच्या आकृतीत डावे-उजवे लिहायला विसरू नये. सीटी स्कॅनची प्रतिमा रुग्णाच्या पायांकडून पाहिल्यासारखी मांडतात, त्यामुळे यकृत प्रतिमेच्या डाव्या बाजूला दिसते.

एककांविषयी थोडक्यात सांगायचे तर एककाविना आकडा वहीत असूच नये. रक्तातील ग्लुकोज ९० मिग्रॅ प्रति डेसिलिटर आणि ५ मिलिमोल प्रति लिटर हे एकच मूल्य आहे, आणि दोन पुस्तकांतून दोन आकडे एककाशिवाय उतरवले तर पुढे त्यांचा मेळ लागत नाही.

नोट्स उत्तम आहेत, तरी आठवत नाही

अशा वेळी बहुतेक विद्यार्थी नोट्स आणखी सुबक करायला घेतात, आणि ते मला मनापासून थांबवावेसे वाटते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले. आठवड्यानंतर मात्र ज्यांनी मजकूर बाजूला ठेवून आठवण्याचा सराव केला होता ते पुढे निघाले. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ती ओळख म्हणजेच आकलन असा समज होतो. म्हणून प्रत्येक पानाच्या समासात त्या पानावरील मजकुराचे प्रश्न लिहावेत, मजकूर झाकून त्यांची उत्तरे कोऱ्या कागदावर लिहावीत, आणि हे एकदाच न करता काही दिवसांच्या अंतराने पुन्हा करावे. मूळ नोट्सही पुस्तक समोर उघडे ठेवून न उतरवता, एक भाग वाचून पुस्तक मिटल्यावरच लिहाव्यात.

सराव परीक्षेत चुकलेला प्रत्येक प्रश्न घेऊन नोट्सकडे परत जावे आणि तो मुद्दा तिथे सापडतो का, हे पाहावे. मुद्दा नसेलच तर त्याच पानावर कारणासह भर घालावी. वेगळी वही सुरू करू नये. मुद्दा चुकीचा उतरला असेल तर तो खोडून शेजारी दुरुस्ती लिहावी, म्हणजे आधीचा गैरसमज कोणता होता हेही दिसत राहते. मुद्दा बरोबर असूनही आठवला नसेल तर नोट्सना हात लावण्याचे कारण नाही. तो प्रश्न समासात लिहावा आणि दोन दिवसांनी पान झाकून स्वतःला विचारावा.