दुपारची पेंग: चहाचा कप वाढवण्याआधी या चुका टाळा

मी हिशेबाचं काम करते. मागच्या सप्टेंबरात एका पार्टीचं, म्हणजे ग्राहकाचं, बँक स्टेटमेंट आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली शिल्लक काही केल्या जुळेना. फरक नेमका ९०० रुपयांचा. दोन दिवस एकेक नोंद टिक करत बसले. शेवटी आमच्या ऑफिसातले अण्णा, चाळीस वर्षं खातेवह्या पाहिलेला माणूस, म्हणाले, "अगं, फरकाला नऊनं भाग जातोय ना? मग कुठेतरी आकडे उलटे पडलेत. तेवढंच शोध." सापडलं. ५,४९० च्या जागी ४,५९० पडले होते. ती व्हाउचरं मी डबा खाऊन झाल्यावर, पापण्या जड झालेल्या असताना भरली होती. मग मी स्वतःच्या आणखी चुका काढून पाहिल्या. त्यातल्या बहुतेक दोन ते साडेतीनच्या दरम्यानच्या होत्या.

तेव्हापासून या विषयाकडे मी गांभीर्याने पाहते. दुपारी डोकं चालत नाही, हा आळस नाही. पण त्यावर आपण जे उपाय करतो, त्यातले बरेच उपाय तो जडपणा वाढवतात.

पहिली चूक: सगळा दोष जेवणाला देणं

"जेवण अंगावर आलं" असं आपण म्हणतो आणि ते अर्धंच खरं असतं. न जेवलेल्या माणसालाही दुपारी मंदी येते. झोपेचं गणित दोन गोष्टींवर चालतं. जाग आल्यापासून मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोपेचा दाब वाढवतं. दुसरीकडे शरीराचं घड्याळ जागं ठेवणारा जोर लावत असतं. ही दुहेरी मांडणी अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये केली. दुपारी दाब बराच चढलेला असतो आणि घड्याळाचा जोर तात्पुरता सैल पडतो. संध्याकाळकडे तो पुन्हा वाढतो, म्हणून पाचनंतर काहीही न करता तरतरी येते.

म्हणजे सहाला उठणाऱ्याला दुपारी एक ते तीनच्या सुमारास थोडी सुस्ती येणारच. जेवण ती कमी-जास्त करतं आणि रात्रीची अपुरी झोप ती कैक पटीनं वाढवते. रोज साडेपाच तास झोपणाऱ्याने दुपारच्या उपायांमागे लागू नये. त्याचा उपाय रात्री साडेदहाला आहे.

डब्यातली चूक

डबा उघडून पाहा. चार पोळ्या, बटाट्याची भाजी, वरण-भात आणि सणवार असेल तर शिरा. पोळी, बटाटा, भात, रवा हे सगळं पिष्टच. रक्तातली साखर भरभर चढते, मग उतरते आणि माणूस खुर्चीत पसरतो. यावर उपाशी राहणं ही त्याहून मोठी चूक. मग साडेचारला वडापावावर हात मारला जातो.

भात सोडायची गरज नाही. क्रम बदला. आधी कोशिंबीर किंवा काकडी, मग मटकी-मुगाची उसळ, मग पोळी आणि शेवटी भात, तोही नेहमीच्या निम्मा. भाज्या आणि प्रथिनं आधी, पिष्ट नंतर असं जेवल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. बटाट्याच्या भाजीच्या दिवशी मी भात नेतच नाही, त्याऐवजी ताकाची बाटली नेते. जेवण झाल्यावर लगेच खुर्चीत न बसता दहा-पंधरा मिनिटं चाला. आपल्या शतपावलीला आजचं शास्त्रही दुजोरा देतं: चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात. शक्यतो उजेडात चाला. ऑफिसच्या बोळातल्या फेऱ्यांपेक्षा रस्त्यावरच्या फेरीनं डोळे जास्त उघडतात.

चहाच्या तीन चुका

चहावर माझंही प्रेम आहे, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

पहिली चूक जेवणावर लगेच चहा घेण्याची. चहातली टॅनिन्स ही तुरट द्रव्यं पालेभाजी-डाळीतलं लोह नीट शोषू देत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. ज्या थकव्यासाठी आपण चहा पितो, त्याच थकव्याचं मूळ तो चहा घट्ट करत असतो. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा.

दुसरी चूक साखरेची. कपाला दोन चमचे धरले तर चार कपांत आठ चमचे, म्हणजे साधारण ३२ ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहणं चांगलं मानते, आणि आपण तर बिस्किटं अजून मोजलेलीच नाहीत.

तिसरी चूक वेळेची. कॅफिन अ‍ॅडेनोसिनची जागा अडवतं, त्यामुळे झोप कळत नाही. साठलेला दाब मात्र तसाच राहतो. शरीरातलं निम्मं कॅफिन जायला सरासरी पाच तास लागतात. २०१३ च्या एका अमेरिकन प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिनने रात्रीची झोप तासाभराहून जास्त घटवली. आपल्या कपात एवढं कॅफिन नसतं, पण साडेपाचचा कडक चहा, सातचा चहा, पाहुणे आले म्हणून आठचा चहा अशी बेरीज होते. रात्री झोप उशिरा लागते, दुसऱ्या दिवशी दुपारी पेंग जास्त येते आणि कप वाढतो. हे चक्र तोडायचं तर शेवटचा कप दुपारी तीन-साडेतीनचा.

डुलकी घ्यावी, पण किती?

वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवर थोडा वेळ आडवं होणं. आपण तिची दोन तासांची झोप करून टाकली. अर्ध्या तासाच्या पुढे गेलं की झोप खोल होऊ लागते आणि त्यातून उठल्यावर डोकं जड, तोंडाला कोरड, चिडचिड. रविवारी हे सगळ्यांनी अनुभवलेलं असतं. १५-२० मिनिटांचा गजर लावा, तीनच्या आत उठा. नासाने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लांबच्या उड्डाणांवरच्या वैमानिकांना आळीपाळीने ४० मिनिटं विश्रांती दिली होती. ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि उरलेल्या उड्डाणात जास्त सावध राहिले.

ऑफिसात आडवं होता येत नाही, हे खरं. जेवणाच्या सुट्टीतली शेवटची दहा मिनिटं खुर्चीत मागे टेकून, डोळे मिटून बसलं तरी फरक पडतो. तीच दहा मिनिटं मोबाइलवर रील्स पाहण्यात घालवली तर डोळ्यांना विश्रांती मिळत नाही.

गाडी चालवणाऱ्यांनी हे विशेष जपा. घाटाखाली पोटभर जेवून दुपारी दोनला महामार्गावर लागायचं आणि काच खाली करून, गाणी मोठी लावून पेंग मारायची, ही जिवावर बेतणारी चूक आहे. काच आणि गाण्यांचा उपयोग काही मिनिटंच. सुरक्षित जागी गाडी थांबवा, चहा प्या आणि लगेच १५ मिनिटं डोळे मिटा. चहाचा असर व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे उठताना दोन्हींचा फायदा मिळतो.

चुकीच्या वेळी चुकीचं काम

माझ्या बाबतीत सर्वांत मोठा फरक इथे पडला. आकडे जुळवणं, करारपत्र वाचणं, अवघड उत्तर लिहिणं अशी कामं सकाळच्या डोक्यासाठी ठेवा. दोन ते साडेतीन या वेळात फायली लावणं, पार्ट्यांना फोन, उभ्यानं करायची कामं. मी आता बँकेचा मेळ साडेदहाला घेते, आणि दुपारी नोंदी कराव्याच लागल्या तर त्या गठ्ठ्यावर पेन्सिलीनं फुली मारते. साडेपाचला तेवढाच गठ्ठा पुन्हा पाहते.

खोलीही तपासा. दारं-खिडक्या बंद, एसी चालू, आठ-दहा माणसं आणि दोनची मीटिंग. भिंतीवरचा साधा एसी बहुतेक आतलीच हवा फिरवतो. बाहेर कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत ४२० च्या आसपास असतो, गच्च भरलेल्या बंद खोलीत तो हजाराच्या वर सहज जातो. दर तासाला पाच मिनिटं खिडकी उघडा. पाण्याची बाटली टेबलावर ठेवा, बॅगेत नको.

एवढं करूनही पेंग जात नसेल तर

तीन आठवडे झोप, जेवण, चहा सांभाळूनही दुपारी डोळे उघडे राहत नसतील, तर स्वतःला आळशी म्हणू नका, डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड आणि साखर यांबद्दल विचारा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. शाकाहारी घरात तर हे आधी पाहावं. तपासणीआधीच मेडिकलमधून बी-१२ च्या गोळ्या आणून सुरू करू नका, रिपोर्टातला आकडा फसवा येतो.

आणि घरच्यांना विचारा, आपण घोरतो का, घोरताना मध्येच श्वास अडकतो का. आठ तास झोपूनही सकाळी शिळं वाटत असेल आणि दुपारी बोलता बोलता डोळा लागत असेल, तर झोपेतल्या श्वासाची तपासणी करून घ्या. हे माणसाला स्वतःला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्यालाच ठाऊक असतं.