भात भरायला जुना पिंप आणताय? आधी त्यात काय होतं ते विचारा

मुरबाड-शहापूरकडे भात झोडून झालंय आणि भेंडी-काकडीच्या लावणीची लगबग सुरू आहे. याच दिवसांत शिळफाटा-डायघरच्या भंगारातले निळे पिंप टेंपोत भरून गावात येतात. नव्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतात. मग एकात भात, एकात जीवामृत, एकात फवारणीचं पाणी. काही घरांत तर प्यायचं पाणीसुद्धा.

यंदा एवढं करा: आत आधी काय होतं हे विकणाऱ्याला सांगता येत नसेल, तर पिंप परत पाठवा. मूळ लेबल शाबूत असलेला, खायच्या मालाचा (ग्लुकोज, फळांचा गर) पिंप मिळाला तर घ्या. रंग, थिनर, गोंद किंवा औषधाच्या कारखान्यातला नको.

अशा कारखान्यांतल्या द्रावकांमध्ये (थिनरसारख्या, दुसरा पदार्थ विरघळवणाऱ्या रसायनांमध्ये) बेंझिन नावाचं रसायन असू शकतं. रक्त जिथे तयार होतं त्या हाडातल्या मगजावरच बेंझिन घाव घालतं आणि त्यातून ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग होतो, हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. आज हुंगलं आणि उद्या आजार, असं होत नाही. वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगात जातं. साबणाने घासून, उन्हात ठेवूनही भागत नाही, कारण द्रावक प्लास्टिकच्या अंगात मुरतं आणि हळूहळू बाहेर येत राहतं. वास गेला म्हणजे पिंप स्वच्छ झाला, असं नाही. ‘आमच्या पडवीत दहा वर्षं आहे, कुणाला काही झालं नाही,’ हे उत्तर मीही एके काळी दिलेलं आहे.

बेंझिन अंगात जायची दुसरी वाट पेट्रोलची, आणि ती आपल्या लक्षातच येत नाही. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये १ टक्क्यापर्यंत बेंझिन चालतं. पॉवर पंपात किंवा ग्रास कटरमध्ये भरताना नळी तोंडाने ओढू नका, हातपंप वापरा. ग्रीसचे हात पेट्रोलने धुवायची सवय तर आजच सोडा. कॅन झोपायच्या खोलीत ठेवू नका. बिडी-सिगारेटच्या धुरातही बेंझिन असतं, हे जाता जाता.

आता फवारणी. कीटकनाशकं आणि ल्युकेमिया यांचा संबंध बेंझिनइतका पक्का नाही, तेव्हा उगाच घाबरवत नाही. पण पाठीवरचा पंप गळून सदरा भिजतो तेव्हा औषध कातडीतून आत जातंच. वॉशर आत्ताच बदला, नायट्राइलचे हातमोजे घाला, फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. थिमेट (फोरेट) आणि नुवान (डायक्लोरव्हॉस) यांच्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. माळ्यावर जुना डबा सापडला तर ‘संपवून टाकू’ म्हणून मारू नका आणि ओहोळातही ओतू नका, कृषी सहायकांना दाखवा. रिकाम्या बाटल्या तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता, मग बाटलीला भोक पाडा, म्हणजे तिच्यात कुणी तेल भरणार नाही.

न उतरणारा ताप, विनाकारण थकवा, हिरड्यांतून रक्त, न आपटता उठणारे काळेनिळे डाग: असं काही दिसलं तर सलाइन लावून घरी परतू नका, सीबीसी ही रक्ताची साधी तपासणी सांगा. कशाची फवारणी करता, कुठल्या पिंपातलं पाणी वापरता, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. पुढच्या उपचाराची गरज पडली तर टाटा मेमोरियलचं केंद्र नवी मुंबईतच, खारघरला आहे.