अमेरिकेची घटना वाचायचीय? मग सुरुवात १७८७ पासून नको

बरेच जण अमेरिकेची घटना उत्साहाने उघडतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या पानावर कंटाळून मिटून ठेवतात. त्यांचं काही चुकत नाही. ती घटना म्हणजे नुसती उत्तरपत्रिका आहे, प्रश्नपत्रिका आपल्याला कोणी दिलेलीच नसते. म्हणून आधी प्रश्न गोळा करायचे.

त्यासाठी पहिल्यांदा १७८१ ला लागू झालेले आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन वाचा, म्हणजे या घटनेच्या आधीचा तेरा राज्यांमधला करार. छोटंसं आहे, एका बैठकीत होतं. वाचताना पेन्सिल घेऊन काँग्रेसला (म्हणजे सगळ्या राज्यांच्या सामाईक सभेला) काय काय करता येत नव्हतं तेवढंच अधोरेखित करा. कर लावता येत नाही, राज्यांकडे फक्त पैसे मागायचे, दिले तर दिले. राज्य लहान असो की मोठं, मत एकच. आणि या करारात काही बदलायचं तर तेराच्या तेरा राज्यांचा होकार पाहिजे. आयात मालावर ५ टक्के कर लावायचा प्रस्ताव आला तेव्हा एकट्या ऱ्होड आयलंडने नाही म्हटलं आणि विषय तिथेच अडकला. मग १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधले कर्जाने आणि करांनी पिचलेले शेतकरी कोर्टं बंद पाडायला लागले, पुढे होता डॅनियल शेज, जो स्वतः स्वातंत्र्ययुद्धात लढलेला, आणि ते मोडायला जी फौज निघाली तिचा खर्च बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी खिशातून केला! पैसेवाल्या मंडळींची झोप उडाली ती इथे.

आता शासनप्रकार. यात फार खोल शिरायची गरज नाही, ॲरिस्टॉटलचे दोन प्रश्न पुरे: सत्ता किती जणांकडे आहे, आणि ती कोणाच्या भल्यासाठी वापरली जातेय. एक, थोडे, अनेक. तिन्ही प्रकार बिघडू शकतात असं त्याचं म्हणणं, आणि १७८७ मध्ये नवी घटना लिहायला फिलाडेल्फियाला जमलेल्यांना हे चांगलंच माहीत होतं. हे डोक्यात ठेवून एका कागदावर लिहून काढा की कोणाला कोण निवडतं आणि किती काळासाठी. प्रतिनिधीगृह: थेट मतदार, २ वर्षं. सिनेट: राज्यांची विधिमंडळं, ६ वर्षं (थेट निवडणूक १९१३ नंतर आली). राष्ट्राध्यक्ष: इलेक्टर्स (त्याला निवडण्यापुरते नेमलेले प्रतिनिधी), ४ वर्षं. न्यायाधीश: जवळजवळ तहहयात. कागदाकडे नीट बघितलं की कळतं, या लोकांचा राजावर विश्वास नव्हता तसा गर्दीवरही नव्हता. घटनेच्या बाजूने लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट’ या लेखमालेतले क्रमांक १० आणि ५१ इथेच वाचून घ्या, दोन्ही घटना घडवणाऱ्यांपैकी जेम्स मॅडिसनचे, ८५ च्या ८५ वाचायचा हट्ट नको.

मग घटनेला हात घाला आणि प्रत्येक कलमाला विचारा, बाबा तू कशामुळे आलास? उदाहरण म्हणून पहिल्या आर्टिकलचं दहावं सेक्शन घ्या. राज्यांनी कागदी चलन काढायचं नाही, कर्जफेडीत सोन्या-चांदीच्या नाण्यांशिवाय काही चालणार नाही, करार मोडणारे कायदे करायचे नाहीत. वाचायला एकदम रुक्ष. पण १७८६ मध्ये ऱ्होड आयलंडने कागदी नोटा छापून त्या सावकारांनी घेतल्याच पाहिजेत असा कायदा केला होता हे कळलं की त्या ओळींमागे बसलेला सावकार दिसायला लागतो. तसंच सातवं आर्टिकल: मंजुरीला १३ नाही, ९ राज्यं पुरेत. का ते आता सांगायला नको.

फिलाडेल्फियाचं हे अधिवेशन चाललं २५ मे ते १७ सप्टेंबर १७८७, दारं बंद करून. ५५ जण आले, सह्या ३९ जणांच्या, ऱ्होड आयलंडने माणूसच पाठवला नाही. अधिवेशनात मॅडिसनने केलेल्या नोंदी सगळ्या वाचायला बसलात तर महिने जातील, त्यामुळे फक्त जून-जुलैमधलं प्रतिनिधित्वाचं भांडण वाचा. १६ जुलैला तडजोड ५ विरुद्ध ४ राज्यं अशी कशीबशी पास झाली, लोकसंख्येवर एक सभागृह आणि राज्यांना समान जागा देणारं दुसरं. त्याच भांडणात गुलामांची तीन-पंचमांश मोजणी (पाच गुलाम म्हणजे तीन माणसं) बसवली गेली, आणि हा भाग पटकन उरकून पुढे जाणारे बरेच असतात, तसं करू नका. मूळ मसुद्यात ‘गुलाम’ शब्द कुठेच नाही, पण लोकसंख्या मोजणी, १८०८ पर्यंत गुलामांच्या आयातीला अभय आणि पळून गेलेल्यांना परत देणं, या तिन्ही जागा शोधून खूण करा.

शेवटी विरोधकांना वाचा, खरं सांगायचं तर मला तेच जास्त आवडतात. अधिवेशनात असूनही जॉर्ज मेसनने सही केली नाही, त्याच्या हरकतींची यादी छोटी आहे. ती आणि १७९१ च्या पहिल्या दहा दुरुस्त्या शेजारी ठेवून जुळवत जा. छपाईचं स्वातंत्र्य पहिल्या दुरुस्तीत सापडेल, दिवाणी खटल्यातली ज्युरी सातव्या. शांततेच्या काळात खडं सैन्य नको ही त्याची मागणी मात्र दहाही चाळल्यात तरी सापडणार नाही, फार तर तिसरी जवळ जाते, सैनिक कोणाच्या घरात जबरदस्तीने घुसवायचे नाहीत एवढंच म्हणते.