जुन्या सीजे-३बीला ओव्हरड्राइव्ह बसवताना

धुळ्याहून जळगावला निघालं की पारोळा येईपर्यंत जीप आणि मी, दोघंही दमलेले असायचो. सत्तरचा वेग पकडला की इंजिन असं रडायचं की शेजारच्याशी चार शब्द बोलायचे तर गाडी कडेला घ्यावी लागे. बाजूने केळीचे ट्रकसुद्धा हॉर्न मारत पुढे जायचे. रस्ता चौपदरी झाला, गाडी मात्र तीन गिअरचीच राहिली.

या रडण्याला औषध आहे, ओव्हरड्राइव्ह, म्हणजे तोच वेग इंजिनाच्या कमी फेऱ्यांत देणारा जादा गिअर. ते आम्ही घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन रविवारांत केलं. पहिला रविवार वाया गेला, तो का ते पुढे सांगतो.

आधी दुखणं समजून घ्या. अमेरिकेतल्या विलीज कंपनीने ही सीजे-३बी जीप शेत, चिखल आणि चढ डोळ्यांसमोर ठेवून बांधली. महिंद्राने आपल्याकडे तीच पुढे चालवली. एक्सलमधलं क्राउन-पिनियन, म्हणजे चाकं फिरवणारी गिअरची जोडी, ५.३८ ला १ आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्टचे (एक्सलकडे येणाऱ्या दांड्याचे) जवळजवळ साडेपाच फेरे. टी-९० गिअरबॉक्सचा तिसरा गिअर सरळ एकास एक. ६.००-१६ टायरचा व्यास अंदाजे २९ इंच धरला तर ताशी ७० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे २,७०० फेरे मारतं. आणि या पेट्रोल इंजिनाची ओढ सगळ्यात जास्त असते ती २,००० फेऱ्यांच्या आसपास. वरचे सातशे फेरे सपाट रस्त्यावर आवाजात, गरमीत आणि पेट्रोलमध्येच जातात.

ओव्हरड्राइव्ह हे सातशे फेरे कापतो. अमेरिकेत वॉर्न आणि सॅटर्न या नावांनी निघालेले, या जीपच्या स्पायसर-१८ ट्रान्स्फर केसवर (गिअरबॉक्समागच्या, पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीवर) बसणारे ओव्हरड्राइव्ह २५ टक्क्यांचे आहेत. गिअरबॉक्सचा शाफ्ट तीन फेरे मारतो तेव्हा ट्रान्स्फर केसचा गिअर चार मारतो. तोच सत्तरचा वेग, इंजिन २,०२५ च्या आसपास. लिव्हर उलट ओढला की सगळं एकत्र लॉक होतं आणि गाडी पूर्वीसारखी चालते.

तो बसतो ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडावर, जिथं पीटीओ, म्हणजे इंजिनाच्या ताकदीवर बाहेरचं यंत्र चालवायचा जोड, लावतात तिथेच. त्यामुळे तुमच्या जीपवर अजून पाण्याचा पंप किंवा दुसरं काही पीटीओवर चालत असेल तर दोन्हींपैकी एकच निवडावं लागेल. एक बरं आहे, स्पीडोमीटरचा गिअर ट्रान्स्फर केसच्या मागच्या आउटपुट शाफ्टवर असतो, म्हणजे ओव्हरड्राइव्हच्या पुढे. काटा खोटं बोलत नाही.

"त्यापेक्षा क्राउन-पिनियनच बदला ना," असं मला निदान चार जणांनी सुचवलं. बदलता येतं. पण मग पुढच्या आणि मागच्या दोन्ही एक्सलचं बदलायला हवं. फक्त मागचं बदलून फोर-व्हीलमध्ये टाकलंत तर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि काहीतरी तुटतं. शिवाय तोरणमाळच्या चढाला जी ताकद लागते ती कायमची जाते. पाच गिअरचा गिअरबॉक्स घालायचा तर तो लांबीला जास्त, आणि ८० इंच व्हीलबेसच्या गाडीत मागचा प्रॉपेलर शाफ्ट आधीच आखूड आहे. तो आणखी कापून त्याच्या सांध्यातल्या क्रॉसवर वाकडा ताण आणण्यात मला शहाणपण दिसलं नाही. ७.००-१६ टायर घातले तर चार-पाच टक्के फरक पडतो, स्टिअरिंग मात्र जड होतं.

ओव्हरड्राइव्हमध्ये गाडीचं काहीच कापलं जात नाही, फरशीला लिव्हरपुरतं भोक सोडलं तर. उद्या काढून मूळ कव्हर लावलं की गाडी होती तशी. गाडी ५० वर्षांच्या पुढची असेल आणि तुम्हाला २०२१ च्या नियमाप्रमाणे विंटेज नोंदणी करायची असेल तर हे महत्त्वाचं आहे. त्या नियमात चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल चालत नाही. काढलेला गिअर, कव्हर, नट, वॉशर सगळं तेलाच्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. कागदाबद्दल शंका असेल तर काम काढण्याआधी आपल्या आरटीओत विचारून घ्या.

आता पहिल्या रविवारची गोष्ट. ओव्हरड्राइव्हसोबत एक गिअर येतो. तो ट्रान्स्फर केसमधल्या मुख्य गिअरच्या जागी बसतो आणि मधल्या, म्हणजे इंटरमीडिएट गिअरशी दाताला दात लावून फिरतो. स्पायसर-१८ मध्ये हा मुख्य गिअर २६ दात्यांचा असतो किंवा २९ दात्यांचा. मी आरसी बुकातलं साल पाहिलं, पुस्तकात वाचलेलं आठवलं आणि सरळ २६ चा मागवला. कव्हर उघडून पाहतो तर आत २९. कधीतरी कुण्या जुन्या मालकाने दुसऱ्या गाडीची अख्खी ट्रान्स्फर केस टाकली असणार. आपल्याकडच्या जीपांचं हेच आहे, इंजिन एका गावचं, गिअरबॉक्स दुसऱ्या गावचा. आमचे मिस्त्री आबा काही बोलले नाहीत. कव्हर परत लावलं आणि चहा मागवला.

म्हणून पैसे भरण्याआधी मागचं कव्हर उघडा. एका दात्यावर खडूने खूण करा आणि खुणेपासून खुणेपर्यंत दोनदा मोजा. शाफ्टवरच्या स्प्लाइन, म्हणजे गिअर पकडणाऱ्या उभ्या कडा, त्याही मोजा, सहा की दहा. चारही बाजूंनी स्पष्ट फोटो काढा आणि विकणाऱ्याला पाठवा. माल बाहेरून येणार असेल तर सीमाशुल्क आणि जहाजाचं भाडं धरूनच हिशोब करा.

कव्हर उघडलंच आहे तर आणखी तीन गोष्टी पाहा. मुख्य शाफ्टचं टोक धरून वर-खाली हलवा. हाताला खेळ जाणवला तर गिअरबॉक्सचं मागचं बेअरिंग गेलेलं आहे. ते आधी बदला, कारण ओव्हरड्राइव्हचं सगळं वजन त्याच शाफ्टच्या टोकावर येणार आहे. मग इंटरमीडिएट गिअरच्या दात्यांवरून नख फिरवा. दाते एका कडेला पातळ झाले असतील, पृष्ठभाग खवखवीत लागत असेल, तर नवा गिअर त्याच्याशी जुळणार नाही आणि गाडी शिट्टी मारत चालेल. लोक शिव्या ओव्हरड्राइव्हला देतात, दोष बहुतेक वेळा या जुन्या गिअरचा असतो. तिसरं, स्प्लाइन झिजून टोकदार झाल्या असतील तर थांबा. तिथे दुरुस्ती नाही, शाफ्टच बदलावा लागतो.

हे ठीक असेल तर बसवायचं काम एका दिवसाचं आहे.

आधी गाडी थोडी चालवून आणा म्हणजे ऑईल पातळ होईल. मग सपाट जागी घ्या, चाकांना दगड लावा आणि ट्रान्स्फर केसचं ऑईल खाली सोडा. आमच्यातून निघालेलं ऑईल डांबरासारखं होतं आणि त्यात पाण्याचा दुधी अंश होता. पावसाळ्यात पांझरेच्या पाण्यातून गाडी घातली होती, त्याचा हा हिशोब. असं दिसलं तर आतून डिझेलने धुऊन घ्या.

मागच्या तोंडाचं कव्हर काढा. आत शाफ्टच्या टोकावर खाचांचा नट दिसेल आणि त्यातून गेलेली कॉटर पिन. पिन बाहेर काढा. तुटून तुकडा आत पडला तर चुंबकाने शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. नट सोडवताना शाफ्ट फिरू नये म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये, ट्रान्स्फर हायमध्ये, हँडब्रेक पूर्ण ओढलेला ठेवा. या जीपचा हँडब्रेक ट्रान्स्फर केसच्याच मागे असतो, तो इथे कामाला येतो. नट निघाला नाही तर रात्रभर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. छिन्नी-हातोडी उचलू नका.

गिअर सहसा हातानेच सरकतो. अडला तर पुलर लावा, पण शाफ्ट मागे खेचला जाऊ देऊ नका. टी-९० मध्ये मुख्य शाफ्टचं पुढचं टोक बारीक रोलरांवर फिरतं. शाफ्ट मागे आला आणि रोलर आत पडले की गिअरबॉक्स उतरवणं आलं, तो दिवस संपला. आबा डाव्या हाताच्या अंगठ्याने शाफ्ट आत दाबून धरत आणि उजव्या हाताने पुलरचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत. असा पाव फेरा, थांबणं, पाव फेरा, वीस मिनिटं चाललं. मी टॉर्च धरून होतो, श्वाससुद्धा जपून घेत होतो.

नव्या गिअरला आणि बेअरिंगला ऑईल लावून तो शाफ्टवर चढवा. सोबतच्या पत्रकात वॉशर आणि नटचा जो क्रम दिला आहे तोच ठेवा, नवी कॉटर पिन घाला. कव्हर बसतं तो पृष्ठभाग जुन्या पॅकिंगच्या पापुद्र्यांपासून स्वच्छ खरवडा. पॅकिंग ठेवून ओव्हरड्राइव्हचं घर बसवा, बोल्ट समोरासमोरचे थोडे-थोडे आवळत जा.

आवळून झालं की गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडून, एका माणसाला गाडी हाताने एखादा फूट ढकलायला सांगा. जड लागली तर आत काहीतरी दाबलं जातंय. जबरदस्तीने बोल्ट आवळून ते सुटत नाही. पुन्हा उघडा, पत्रकाप्रमाणे शिम, म्हणजे अंतर जुळवायच्या पातळ चकत्या, घाला किंवा काढा. आम्हाला दोनदा उघडावं लागलं.

लिव्हरसाठी फरशीत भोक पाडण्याआधी सीटवर बसून हात फिरवून पाहा. फोर-व्हील आणि हाय-लोचे दोन लिव्हर तिथे आधीच आहेत, तिसरा त्यांना किंवा तुमच्या गुडघ्याला लागायला नको. भोकावर जुन्या ट्यूबचा रबरी तुकडा लावा, नाहीतर उन्हाळ्यात खालची सगळी धूळ थेट मांडीवर.

ऑईल एसएई ९०, जीएल-४ दर्जाचं. जीएल-५ दुकानदार आग्रहाने देतात, पण त्यातली काही द्रव्यं पितळी भागांना मानवत नाहीत, आणि टी-९० मध्ये पितळी सिंक्रो रिंग आहेत. ओव्हरड्राइव्हला ऑईल ट्रान्स्फर केसमधूनच मिळतं, तरी पहिल्यांदा त्याच्या प्लगमधून थोडं आत ओता, तो कोरडा फिरायला नको. लेव्हल प्लगपर्यंत भरा, दहा किलोमीटर चालवा, पुन्हा पाहा. ऑईल नव्या घरात गेलेलं असतं, लेव्हल खाली येते. नंतर थेंब-थेंब गळत राहिलं तर घाबरू नका. विलीज गळायची थांबली तर आमच्याकडे म्हणतात, बघ रे, ऑईल संपलं असंल.

चालवायची सवय मात्र बदलावी लागते. टी-९० चे गिअर २.८०, १.५५ आणि १. ओव्हरड्राइव्ह कुठल्याही गिअरला लागतो, म्हणून मधे २.१० आणि १.१६ मिळतात आणि शेवटी ०.७५. मला स्वतःला १.१६ सगळ्यात आवडला. सोनगीरच्या पुढे उसाच्या ट्रॉलीमागे अडकलो की दुसरा गिअर अपुरा आणि तिसरा जड, तिथे दुसरा-ओव्हर अगदी मापाचा बसतो. बदलताना क्लच पूर्ण दाबा, एक क्षण थांबा, मग लिव्हर. घाई केली की दाते सांगतात.

चढाला आणि वाऱ्याविरुद्ध इंजिन घरघरायला लागलं तर लगेच डायरेक्टला या, म्हणजे ओव्हरड्राइव्ह काढा. कन्नड घाट किंवा चांदसैली उतरताना ओव्हरड्राइव्ह बंद ठेवा, इंजिनाचा ब्रेक कमी होतो आणि या गाडीचे ड्रम ब्रेक एवढ्या भरवशाचे नाहीत. वेगाचंही तेच. फेरे कमी झाले म्हणून ऐंशीच्या पुढे ताणायचा मोह होतो, पण आखूड जीप तेवढ्या वेगाला सरळ चालत नाही, आणि ब्रेक जुनेच आहेत.

भुसावळकडच्या मे महिन्याच्या उन्हात आणखी एक गोष्ट लक्षात आली. इंजिनाचे फेरे कमी म्हणजे पंखा आणि पाण्याचा पंपही हळू फिरतो. मोकळ्या रस्त्यावर वारा ते भरून काढतो. पण हळू चालणाऱ्या वाहनांमागे ओव्हरड्राइव्हमध्ये रेंगाळलात तर तापमानाचा काटा चढतो. मी आता दुपारी बारा ते चार गावातून जाताना लिव्हर डायरेक्टलाच ठेवतो. जुन्या इंजिनात ऑईल प्रेशरचा काटाही पाहा, २,००० ला तो किती राहतो ते लिहून ठेवा.

पहिलं ऑईल आम्ही ८०० किलोमीटरला बदललं. चुंबक फिरवला तर त्यावर राखाडी पूड चिकटली, तुकडा एकही नाही. आबांनी ती चिमटीत घेऊन चोळली, उजेडात धरून पाहिली. "घसाई राहिनं," म्हणाले, "तुटी नही राहिनं." बोट पॅन्टला पुसलं आणि ड्रेन प्लग लावायला खाली सरकले.