चॅसीचे जुने रिव्हेट काढताना भोक वाचवा

माझं गॅरेज कळंबोलीला, ट्रक टर्मिनलच्या बाजूला. येणाऱ्या गाड्या बहुतेक उरण-जेएनपीटी मार्गावरच्या. खाडीचा खारा वारा, त्यात पावसाळा, म्हणून चॅसीला गंज ठरलेला. मागच्या पाट्यांना (स्प्रिंगना) चॅसीशी धरणारा हँगर ब्रॅकेट रिव्हेटने, म्हणजे दोन्ही टोकांना टोपी असलेल्या लोखंडी खिळ्यांनी, बसवलेला असतो. तो हलायला लागला की रिव्हेट काढावे लागतात, आणि मालक म्हणतो, "मिस्त्री, गॅस कटर मारा, अर्ध्या तासात मोकळं होईल."

मोकळं होतं, पण शेठ, रिव्हेट भंगारात जाणार आहे, भोक चॅसीत राहणार आहे. कटरच्या ज्वाळेने भोकाची कड खाल्ली जाते आणि आजूबाजूच्या पत्र्याची ताकद उतरते. पुढे भरलेली गाडी खड्ड्यात आपटली की तडा त्याच कडेपासून सुरू होतो. म्हणून चॅसीवर गॅस लावायचा नाही. वेळ लागू दे.

आधी खरंच सैल कोणता ते बघा. टोपीच्या एका बाजूला बोट टेकवा, दुसऱ्या बाजूने हलका हातोडा मारा. सैल रिव्हेट बोटाला थरथर देतो. टोपीभोवती तपकिरी गंजाची रेघ ओघळलेली असेल, तर तोही गेलाच समजा.

चाक सरकू नये म्हणून चाकांना ओट लावा, चॅसी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या आणि अ‍ॅक्सलखाली वेगळा जॅक द्या, म्हणजे पाट्यांवरचा ताण उतरेल. ताणात असलेला ब्रॅकेट शेवटचा रिव्हेट निघताच उडतो. बॅटरीची निगेटिव्ह काढा. ब्रेकचे हवेचे पाईप, वायरिंग आणि डिझेलची टाकी ओल्या गोणपाटाने झाका, ग्राइंडरच्या ठिणग्या लांब जातात. गॉगल हवाच. आणि चॅसी नंबर जिथे ठोकलेला आहे तिथे ग्राइंडर फिरवू नका, पासिंगला आरटीओत तो स्वच्छ वाचता आला पाहिजे.

आता खरं काम. गोल टोपीवर बिट घसरतं, म्हणून ग्राइंडरने टोपीचा माथा सपाट करा. मध्य काढून सेंटर पंच जोरात मारा. इथे घाई नको, मध्य दोन मिलिमीटर चुकला तर पुढे बिट भोकाची भिंत खाणार. 12 मिलिमीटरच्या रिव्हेटला आधी 5 चं बिट, मग 10 किंवा 11 चं. टोपीच्या जाडीइतकंच खोल जायचं, म्हणून बिटावर तेवढ्या अंतरावर टेप गुंडाळा. ड्रिल सावकाश चालवा, 500-600 आरपीएम पुरे, आणि तेल सोडत राहा. रिव्हेटचं लोखंड तसं मऊ असतं. धारदार बिटातून लांब गुंडाळी निघते. नुसता भुगा आणि धूर निघाला तर थांबा, बिटाला धार लावा.

मग छिन्नी टोपीच्या कडेला आडवी लावून घाव घाला. छिन्नीचं तोंड टोपीकडे ठेवा, पत्र्यात रुतू देऊ नका. टोपी निघाली की दांडा पंचने मागे हाणायचा. पंच दांड्यापेक्षा किंचित बारीक हवा. पलीकडून टोपी आत मावेल असा जाड पाईपचा तुकडा लावून हेल्परने तो घट्ट धरायचा, म्हणजे पत्र्याला आधार मिळतो. बोटं पाईपच्या कडेपासून लांब ठेवायला सांगा.

तरी हलत नाही? बसवताना दाबाने दांडा फुगलेला असतो, त्यात दोन पत्र्यांमध्ये गंज भरला की पत्रे सरकतात आणि दांडा मधेच आवळला जातो. घण उचलू नका. 8 चं बिट दांड्यातून आरपार काढा. पोकळ झालेला दांडा आत दबतो आणि पंचच्या दोन-तीन घावांत बाहेर येतो.

सगळे रिव्हेट एकदम काढायचे नाहीत. एक काढला की त्या भोकात बोल्ट घालून हाताने आवळा, मग पुढचा घ्या. ब्रॅकेट जागेवरून हलला नाही तर नव्या ब्रॅकेटची भोकं जुळवताना त्रास होत नाही.

ब्रॅकेट उतरल्यावर गंज खरवडून काढा आणि प्रत्येक भोक व्हर्नियरने मोजा. भोक लांबट झालं असेल तर नवा ब्रॅकेट क्लॅम्पने बसवून दोन्ही पत्र्यांतून एकदम 14 चा रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) फिरवा आणि 14 चाच बोल्ट घ्या. वेल्डिंगने भोक भरून पुन्हा ड्रिल मारणं मला मान्य नाही. बोल्ट डोक्यावर 10.9 (ताकदीचा ग्रेड) लिहिलेलाच हवा, आणि त्याचा गुळगुळीत भाग दोन्ही पत्र्यांत बसला पाहिजे, आटे नव्हेत. कडक वॉशर आणि लॉकनट लावा, स्प्रिंग वॉशरवर विसंबू नका. आवळायचं टॉर्क रेंचने, कंपनीच्या आकड्याप्रमाणे.

पत्रे जोडण्याआधी दोन्ही अंगांना झिंक प्रायमर मारा, त्याचा पातळ हातच पुरे. पहिली भरलेली खेप करून गाडी परत आली की सगळे बोल्ट पुन्हा तपासा.